कारहुणवीची रंगीत शिंगं

— न्हाई वकीलसाहेब, ती साडी पिशवीतच राहू द्या. इरकल हाय, दिसलं मला, काठ बी चांगला हाय — अण्णाची पसंत पहिल्यापास्नं चांगलीच. पण माहेरची साडी घेऊन भाऊ येतो, न्हाईतर भावजय येते. वकील घेऊन आलेली साडी मी आज पहिल्यांदाच बगून राहिले. चहा तेवढा घ्या. पाण्याचं म्हणाल तर टँकर उद्या यायचा हाय, आला तर.

काय म्हणलाव? उद्या लातूरला येऊ नको? का बरं येऊ नको? समन्स आलंय. लातूरच्या कोर्टाचं, अन् बिदरच्या पोलिसानं हितं दारात आणून दिलंय. हे अण्णाला वाटलंच नव्हतं, न्हाई का? त्याला वाटायचं, आमच्या शिवारातला त्यो कोरडा ओढा ओलांडला की महाराष्ट्र संपला, कर्नाटक लागलं, अन् गुन्हा बी तितंच धुतला गेला. पंचमीला मला न्यायला आला की ह्याच ओट्यावर बसून म्हणायचा — जगदेवी, इकडचा फौजदार तिकडं जात न्हाई, तिकडचा इकडं येत न्हाई. अन् लातूर जिल्हा तर आत्ता झालाय, निम्म्या फायली अजून उस्मानाबादेत पडल्यात, कोण कुणाला पुसतंय? तर पुसलं बगा! ह्याच ओट्यावर पुसलं. लातूरचा फौजदार हितं बसला, तुम्ही बसलाव तितंच, अन् बिदरचा त्या खांबाला टेकून. ह्याला कन्नड येईना, त्याला मराठी येईना, मधी मी! माझीच जबानी, मीच एकदा मराठीत सांगायची अन् मीच कन्नडात. लातूरचा म्हणायचा, बाई, ह्या साहेबांना इचारा जनावरं कुण्या वाटेनं गेली. बिदरचा म्हणायचा, अक्का, अवरिगे हेळ्री — त्यांना सांगा. शेवटी दोघांना बी भाकरी अन् पुंडीची भाजी वाढली. जेवताना मातर दोघं बी काय बोलले न्हाईत. भूक सगळ्यांची एकच असती, तिला दुभाषा लागत न्हाई.

हसायलाव? हसा. पण उद्या मी काय सांगणार ते ऐकून घ्या, म्हणजे तुमची बी धावपळ नको. माझा भाऊ बसलिंगप्पा, म्हणजे ह्योच अण्णा — उदगीरच्या अंगाला त्याची सरकारी चारा छावणी. ओढ्याच्या ह्या अंगाला त्याच्याच भागीदाराची, चन्नबसप्पाची, कर्नाटक सरकारची. छावण्या दोन, अन् जनावरं एकच! हितं मोजणी असली की हितं उभी, तितं असली की ओढ्यातनं तिकडं. त्याच तोंडांचा चारा दोन सरकारं देऊन राहिली, अन् त्या तोंडांत मातर निम्म्यालाच पडायचा, बाकीचा जायचा इकायला. माझ्या दारावरनं जायची ती खिल्लारं. दर खेपेला. मी काय आंधळी हाय?

मग त्यो कारहुणवीचा दिस. तुमच्या तिकडं पोळा श्रावण सरताना, आमच्याकडं हा बैलांचा सण जेष्ठाच्या पुनवेला. सकाळी बिदरच्या मोजणीच्या साहेबानं हितली मोजणी केली, अन् दुसऱ्याच दिवशी उदगीरला मोजणी. म्हणून दुपारी सटवाजी — अण्णाचा म्हातारा गुराखी — सगळी जनावरं घेऊन निघाला अन् ऊन उतरंस्तवर माझ्या अंगणात थांबला. आता सांगा वकीलसाहेब, कारहुणवीला दारात आलेला बैल बोडक्या शिंगांनी कुण्या बाईनं जाऊ दिलाय? रंगवली. उजवं शिंग लाल, डावं हिरवं, आमच्या घराची रीतच हाय ती. सटवाजीनं शिंगं धरली, मी रंगवली, म्हातारा लई खूश. संध्याकाळी वेशीत तोरण तोडायला त्याच बैलांना पळवलं, अन् मानाला बोलावलेला बिदरचा साहेब तितंच खुर्चीवर बसलेला. त्यानं टाळ्या बी वाजवल्या. अन् दुसऱ्या दिवशी त्योच साहेब, आकडे ताडून बगायला, लातूरच्या साहेबाच्या जीपमागं आपली जीप घेऊन उदगीरच्या छावणीत! बगतो तर काय, उजवं लाल, डावं हिरवं. रांगेनं उभी. पोळ्याला अडीच महिने बाकी असताना.

हाव, हाव, ऐकलं मी. अण्णानं मला माफ केलंय. सणाच्या नादात बाईमाणूस चुकलं, तिच्या मनात काय नव्हतं — असं म्हणला ना? अन् आलेच तर मी कोर्टात एवढंच सांगायचं, की ती माझ्या घरची जनावरं होती, छावणीतली नव्हती. माझ्या घरची! आओ, माझ्या घरी एकच बैल होता. मल्ल्या. देवणी, पांढरा, तोंडावर काळे ठिपके. कारहुणवीच्या आधी त्याला घेऊन गेलते मी ह्या चन्नबसप्पाच्या छावणीवर. छावणी भरली म्हणला. कुणाच्या जनावरांनी भरली? माझ्याच भावाच्या! अण्णाला निरोप धाडला — बाबा, एक तोंड वाढव, बहिणीचं हाय. त्यानं काय सांगावा धाडला ठाव हाय? आकडा वर कळवलेला हाय, आता एक बी वाढत न्हाई, चार दिस कळ काढ. मी काढली असती. मल्ल्यानं न्हाई काढली. त्या छावणीच्या फाटकाबाहेरच बसला, आतल्या कडब्याच्या गंजीकडं तोंड करून, अन् परत उठलाच न्हाई. मी तितं मातीत बसून रडले, अन् फाटकावरचा माणूस म्हणला, बाई, बाजूला सरा, गाडी यायची हाय.

काय इचारलाव? कशानं रंगवली? गेरूनं का? — गेरू कशाला वापरीन! गेरू तर सटवाजीनं ओढ्यापलीकडं एका ओल्या फडक्यानं पुसून काढला असता. बसवण्णाच्या देवळाच्या दाराला आणलेला तेलरंग होता, लाल अन् हिरवा, म्या पुजाऱ्याला म्हणलं, दार राहू दे यंदा. एकदा बसला की दुष्काळात कुठलं पाणी अन् कुठलं रॉकेल, म्हणलं बगू आता कसं पुसतो —

...

लिवलं का ते? — लिवा की! हात का थांबला? वैर म्हणून लिवा. मुद्दाम केलं म्हणून लिवा. उद्या भर कोर्टात इचारा मला, बाई, तुमचा भावावर राग होता का? मी म्हणीन, होता, अजून हाय. पण माझ्या रागानं शिंगं रंगली, वकीलसाहेब. एक बैल दोन ठिकाणी उभा राहिला त्यो माझ्या रागानं न्हाई. माहेर तुटंल म्हणता? तुटू द्या. मी रडणार हाय, लई रडणार हाय, पण गवाही दिल्यावर.

अन् अण्णाला तेवढं सांगा, त्याची माफी त्याच्याजवळच ठेव म्हणाव. चुकले असते तर घेतली असती.

उठा आता. ऊन व्हायच्या आत ओढा ओलांडा.