खसखशीची खीर

मी कुंजीलाल बिसराम रहांगडाले, वय ५४ वर्षे, धंदा शाळेची बस चालवणे, राहणार बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी चमेली मागील वर्षी आजारपणात मयत झाली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी मुलांना शाळेत नेताना समोरून धानाचा ट्रॅक्टर आला. त्याला बाजू देताना बसचे मागचे चाक रस्त्याकडेच्या भाताच्या बांधीत उतरले. कोणासही दुखापत नाही. शाळेचे संचालक उमेंद्र पटले यांनी त्याच दिवशी गोंदियात माझी लघवी तपासून घेतली. पट्टीवर अफूचा अंश दिसला. पटले म्हणाले, "कुंजीलालभाऊ, तपासणी खोटी बोलते का?" मी म्हणालो, "मी सुपारी बी खात नाही जी." त्यांनी बसची चावी काढून घेतली. पालकांनी मजविरुद्ध येथे अर्ज दिला.

चौकशीत सरकारी दवाखान्यातील डॉ. उर्वशी कटरे यांनी मला आदल्या दिवशी काय खाल्ले ते विचारले. मी खसखशीची खीर सांगितली. त्या म्हणाल्या, "काका, पट्टी फक्त संशय दाखवते. खसखस अफूच्याच बोंडातली, तिच्यानंही फसते." त्यांनी शिल्लक नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत वेगळ्या पद्धतीने तपासायला पाठवला. तेथे अंश अगदी अल्प, मर्यादेच्या बराच खाली निघाला. काल पटले यांनी घरी येऊन चावी परत दिली.

खिरीबाबत सांगतो की, आदल्या दिवशी चमेलीचे वर्षश्राद्ध होते. पूर्वी मी ट्रक चालवायचो. लांबच्या फेरीहून आलो की ती भिजवलेली खसखस पाट्यावर वाटून गुळाची खीर करायची. डबा घेऊन आम्ही स्कूटरने चोरखमाऱ्याच्या तलावावर जायचो. ती भातपिकाकडे बघत बसायची. मी जेवायचो. फार बोलणे होत नसे.

पाहुणे गेल्यावर मी एकट्याने गंजभर, म्हणजे पातेलेभर, खीर खाल्ली.

पहिल्याच दिवशी हे का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, "साहेब, लोक हासले असते. बुढा माणूस बायकोच्या आठवणीत खीर रांधते म्हून."

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'पत्नीसारखी खीर केली' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले. तशी झाली नव्हती. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष सही