झोपायची परवानगी

आक्काबाई : बंद कर म्हनलं तर बंद व्हत न्हाई, असं कसं रं शौनक? तू आन् माझा कल्यान एकाच कॉलेजात शिकलात न्हवं?

शौनक : एकाच बाकावर, आक्का. पण हा कंप्युटर त्याचा आहे. त्यानं यात काय काय करून ठेवलंय ते मलाही उलगडत बसावं लागतंय. त्याचं अर्धवट राहिलेलं काम मी उतरवून घेतलंय. संध्याकाळी त्याच्या कंपनीला पाठवतो.

आक्काबाई : कामाचं तू आन् त्याची कंपनी बघा. मला त्यो हिरवा दिवा विझवून दे. त्यो गेला त्या दिवसापास्नं जळतोय. मी वर आले का माझ्याकडंच बघतोय असं वाटतं.

शौनक : मग सरळ प्लग काढतो.

आक्काबाई : हात लावू नको! उसाच्या ट्रॉलीनं एका झटक्यात नेला त्याला. आता हितं तरी झटका नको. आपनहून झोपू दे.

शौनक : तेच तर होत नाहीये. आणि गंमत म्हणजे, कल्याणचं कामच हे होतं. झोपवायचं.

आक्काबाई : कुनाला झोपवायचं? दिवसभर माडीवर दार लावून बसायचा, आमाला काय सांगितलंय कधी त्यानं?

शौनक : तारेला, आक्का. कंप्युटर आणि त्याला बाहेरून जोडलेली ही डिस्क, यांच्यामध्ये तार असते. काम नसलं तरी ती जागी राहते आणि वीज खाते. म्हणून काम थांबलं की तिला झोपवायचं. कंप्युटरच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, त्याचे नियम लिहिलेले असतात. कल्याण ते लिहायचा. पण एकट्यानं झोपून चालत नाही. एका टोकानं विचारायचं, ‘झोपू का?’ दुसऱ्यानं ‘झोप’ म्हटलं तरच झोपायचं.

आक्काबाई : आन् दुसरा न्हाई म्हनला तर?

शौनक : तर जागं राहायचं. जरा वेळानं पुन्हा विचारायचं.

आक्काबाई : मंग ह्यो आता काय करतोय?

शौनक : विचारतोय. इथे बघा, पडद्यावर. ‘झोपू का.’ खाली उत्तर, ‘नाही.’ परत ‘झोपू का.’ परत ‘नाही.’ असं खालपर्यंत.

आक्काबाई : किती दिवसांचं हाय हे?

शौनक : तुम्ही म्हणालात तसं, तो गेला त्या दिवसापासूनचं. आधी सगळं सुरळीत होतं.

रेश्मा : भाऊजी, चहा. आत्या, तुमचा बिनसाखरेचा. झालं का हो बंद?

शौनक : नाही ना, वहिनी. डिस्कच बिघडलीय बहुतेक, तिकडूनच नकार येतोय. ती सोडवून घेतो, म्हणजे प्रश्नच मिटेल. आक्का, धरा जरा ही.

आक्काबाई : गरम लागतीया.

शौनक : चालू होती ना इतका वेळ.

आक्काबाई : न्हानपनी तापात त्याचं कपाळ असंच लागायचं. अशीच मांडीवर घेऊन बसायचे मी.

रेश्मा : भाऊजी? काय झालं? चहा सांडतोय तुमचा.

शौनक : वहिनी, डिस्क आक्कांच्या मांडीवरच आहे ना?

रेश्मा : हो. ही काय.

शौनक : आणि तारेचं टोक मोकळं लोंबतंय. तुम्हालाही दिसतंय ना?

रेश्मा : दिसतंय. असं काय विचारताय?

शौनक : नकार अजून येतोय.

आक्काबाई : कुठनं?

शौनक : तेच कळत नाही. पलीकडं कुणीच नाही, आक्का. कंप्युटर विचारतोय, आणि कुणीतरी ‘नाही’ म्हणतंय. कुठंतरी अडकलं असेल. असं होतं कधी कधी… म्हणजे, मी कधी पाहिलं नाही.

रेश्मा : दहाव्याला पण असंच झालं. तुम्ही नव्हता. प्रवरासंगमला पिंड ठेवला. चिंचेवर एवढे कावळे, पण एक खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. मामंजी म्हणाले, तुझी विहीर मी नीट बांधून घेईन. मी म्हणाले, आपल्या पोरीला, निकिताला शिकवीन, तुम्ही म्हणत होता तिथपर्यंत शिकवीन. आत्या म्हणाल्या, रेश्माला नगरला जाऊ देईन, नागापूरची नोकरी धरू देईन. तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळ्यांना घरी आणलं.

शौनक : नगरला राहायचं तर कल्याणनंच ठरवलं होतं. मला खोली बघायला सांगितली होती.

रेश्मा : माहितीय. मला रोज रात्री वाटतं, माझ्यावरच रागावून गेलेत. त्या दिवशी सकाळी त्या खोलीवरूनच भांडले मी. लवकर चला म्हणून. माझंच काहीतरी राहिलंय, म्हणून तो कावळा…

आक्काबाई : तुझं काय राहिलं न्हाई.

रेश्मा : तुम्हाला काय माहीत, आत्या?

आक्काबाई : शौनक, त्यो विचारतोय म्हनालास. आन् न्हाई म्हननाऱ्याचं टोक हितं न्हाई.

शौनक : नाही.

आक्काबाई : हाय. मीच त्याला न्हाई म्हनतीया.

रेश्मा : पण तुम्ही तर सगळ्यांसमोर म्हणालात, जाऊ देईन.

आक्काबाई : तुला म्हनले. पोरीचं कुठं म्हनले? तोंडानं म्हनले रेश्माला जाऊ देईन, आन् मनात म्हनले, निकिता मातर माझ्यापाशी ऱ्हाईल. तिचं नाक त्याचं हाय. हसती बी त्याच्यावानी. सून गेली तर गेली. ही बी गेल्यावर मी ह्या घरात बघायचं कुनाकडं?

रेश्मा : म्हणून तिच्या कपड्यांच्या पेटीला कुलूप लावलंत? मला म्हणालात, उंदीर झालेत.

आक्काबाई : व्हय.

रेश्मा : रोज रात्री मी स्वतःला खातेय, आत्या. आणि तुम्ही शेजारच्या अंथरुणावर गप्प पडून होतात.

आक्काबाई : व्हते. आता काय बोलायचं ते बोल मला. पर आधी त्याला मोकळा करू दे.

(ती डिस्क दोन्ही हातांनी धरते.)

आक्काबाई : कल्यान. ऐकतोस न्हवं? पोरगी तिच्या आईसंगं जाईल. मी आडवी येनार न्हाई. मनात बी न्हाई, आता काय बी धरलेलं न्हाई. लई जागवलं तुला. झोप बाबा. झोप.

रेश्मा : आत्या, रडू नका ना.

शौनक : आक्का…

आक्काबाई : काय म्हनतोय त्यो?

शौनक : ‘झोपू का’ विचारलं. उत्तर आलं… ‘झोप.’ आणि दिवा गेला.

रेश्मा : लाईट गेली असेल. या वेळेला जातेच सोनईत.

शौनक : पंखा चालू आहे, वहिनी.

(रेश्मा वर पंख्याकडे बघते.)

शौनक : आक्का, ती डिस्क द्या माझ्याकडे. नीट गुंडाळून ठेवतो.

आक्काबाई : रेश्मा, पेटीची किल्ली माझ्या कमरंला हाय, तेवढी सोडवून घे. ही राहू दे जरा मांडीवर. अजून कोमट हाय.