घागांचं राहिलेलं मत

मंडळी, नमस्कार. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे यावं. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. सिनेमाला सगळ्यांना मागची रांग हवी असते, तसंच इथेही दिसतंय. या, बसा. पंखाही पुढेच आहे.

मला बोलायला सांगितलंय. सोसायटीचा गणपती असला की मी माईक सोडत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. आज मात्र माईक हातात आला आणि जिभेला गाठ बसली. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रद्दीच्या कागदांतून आणि सिनेमांतून. त्यामुळे मोठे शब्द माझ्याकडे नाहीत. जे झालं ते सांगतो.

मनोहर घाग गेले. काल तेरावं झालं. माझ्या आधी जे बोलले ते म्हणाले, देवमाणूस होते, अजातशत्रू होते. मी ते खोडून काढत नाही. पण मी आज घागांबद्दल मत देणार नाही. का, ते शेवटी सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पेणकरपाड्याच्या या सोसायटीत, बागेतल्या बाकावर, दर सोमवारी सकाळी आम्ही चौघं बसतो. घाग, मी, निमकरबाई आणि जगदीशभाई. पाचवे पास्कूमामा. मामा चौक गावचे, आयुष्य होडीवर गेलं, आता मुलीकडे राहायला आलेत. सोमवारी आमचं एकच काम. आदल्या दिवशी जो सिनेमा पाहिला असेल, त्याच्याबद्दल बोलायचं. कुणी मोबाईलवर पाहिलेला असतो, कुणी टीव्हीवर. घाग आणि सुमनवहिनी मात्र रविवारी दुपारी मॉलमध्ये जाऊन पाहायचे. पडद्यावरच पाहायचे.

घागांचा नियम एकच होता. सिनेमा पाहिल्याबरोबर मत द्यायचं नाही. मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. हॉलमध्ये बोलायचं नाही, जिन्यात बोलायचं नाही, रिक्षात बोलायचं नाही. मी एकदा विचारलं, "का हो घाग, सिनेमा काय नासतो का बोललं तर?" ते म्हणाले, "अण्णा, गरम भात कसाही चांगलाच लागतो. गार झाल्यावर खाऊन बघा, मग तांदूळ कळतो. सकाळी चहा घेताना जे आठवतं तेवढाच सिनेमा. बाकीची नुसती वाफ."

आणि मतं तरी कशी. एका मोठ्या हिरोच्या सिनेमाबद्दल सगळे वाहवा करत होते. घाग म्हणाले, "तीन तास मारामारी केली, पण एकदाही जेवला नाही. मला त्याची काळजी वाटली." दुसऱ्या एका सिनेमात कुणीतरी दार वाजवतं, तेव्हा ती बाई आधी कढईवर झाकण ठेवते आणि मग दार उघडायला जाते. घाग म्हणाले, "झाकण ठेवलं तिथेच सिनेमा खरा झाला." निमकरबाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हणाल्या, "घाग, हे तुम्हांला सुचतं कुठून?" घाग नुसते चपलेचा अंगठा हलवत बसले.

आता त्या रविवारचं सांगतो.

सिनेमा नेहमी घाग ठरवायचे. वहिनी सोबत जायच्या. त्या रविवारी घागांचा गुडघा दुखत होता. ते म्हणाले, "या वेळी तू ठरव." वहिनींनी ठरवला. दोन म्हाताऱ्या बहिणींचा सिनेमा. मोठं नाव नाही, गाणी नाहीत. दोघं गेले, बघितला, आले. नियमाप्रमाणे दोघंही त्यावर काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी घाग बाकावर यायला निघाले. चपला घालायला वाकले ते उठलेच नाहीत.

आम्ही बाकावर वाट बघत होतो. जगदीशभाई म्हणत होते, "आज घाग लेट छे, पिक्चर लांबा असेल." तेवढ्यात वॉचमन धावत आला.

लोक भेटायला येत होते. वहिनी रडत नव्हत्या फारशा. येईल त्याला एकच विचारत होत्या. "तुम्हांला काही बोलले का हो ते? सिनेमाबद्दल?" आधी मला वाटलं, धक्का बसलाय, म्हणून असं बोलतायत. मग कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सिनेमा त्यांनी निवडलेला. तो यांना आवडला की नाही, ते कळायच्या आत माणूस गेला. वहिनींच्या मनाने घेतलं होतं की आवडला नसावा. कंटाळून बसले असतील शेवटपर्यंत, माझ्यासाठी. शेवटची दुपार माझ्यामुळे वाया गेली. असं त्यांनी मेधाला, म्हणजे मुलीला, बोलूनही दाखवलं.

बाकावर आमची बैठक बसली. निमकरबाई म्हणाल्या, "सांगून टाकू या, आवडला म्हणाले होते. फोनवर म्हणाले होते असं सांगू. त्या माउलीला तेवढंच बरं वाटेल." जगदीशभाई म्हणाले, "हां, मी बोलतो. मला फोन केला होता असा बोलतो." पास्कूमामा म्हणाले, "घाग फोनवर कंदी बोललाय? ती बाई खुळी न्हाय."

मामांचं खरं होतं. रात्र जायच्या आत घाग मत देणार, यावर वहिनींचा विश्वास बसणारच नव्हता. मग मीच म्हटलं, खोटं कशाला बोलायचं? आपण जाऊन तो सिनेमा बघू. घागांना काय आवडतं ते आपल्याला ठाऊक आहे. बघितल्यावर अंदाज तरी बांधता येईल.

इथे बसलेल्यांपैकी काही जण तेव्हा कुजबुजले, हे मला माहीत आहे. तेराव्याच्या आत हे म्हातारे पिक्चरला निघाले. सुतक आम्हांला नव्हतं, पण लोकांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. आम्ही वहिनींना सांगून गेलो. त्या म्हणाल्या, "या बघून. आणि मला सांगा."

तिकिटं जगदीशभाईंनी मोबाईलवर काढली. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झालेला. आत अंधार. मिळतील त्या खुर्च्यांवर बसलो. आणि पडद्यावर काय, तर बंदुका. समुद्रात होड्या, होड्यांवर माणसं, माणसांच्या हातात बंदुका. मला वाटलं, बहिणी नंतर येत असतील. मध्यंतर झालं. घागांचा नियम, त्यामुळे कुणी कुणाशी बोललं नाही. समोसे खाल्ले, आत गेलो. पुन्हा बंदुका. एक बाई आली, तिने नाच केला आणि गेली. तिला बहीण नव्हती. शेवटी मोठा स्फोट झाला आणि दिवे लागले. आम्ही एकमेकांकडे बघितलंही नाही. रिक्षात गुपचूप बसलो, घरी आलो.

सोमवारी बाकावर बसलो. कुणी सुरुवात करेना. शेवटी निमकरबाई म्हणाल्या, "वहिनींची आवड... वेगळी आहे." जगदीशभाई म्हणाले, "अण्णा, सच बोलू? भाभीला एवढा मारामारी आवडते, मला मालूम नव्हता. किती शांत बाई आहे." पास्कूमामा म्हणाले, "होडी चांगली हाय. पन एवढी भोकं पडली आनि एक थेंब पानी आत आला न्हाय. अशी होडी मला कंदी कोनी दिली न्हाय." मग म्हणाले, "त्या दोन भैनी कुठं गेल्या?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिकिटं बरोबर होती, दार चुकलं होतं. शेजारच्या हॉलमध्ये जाऊन बसलो होतो. दुसऱ्या कुणी पाच मिनिटांत विचारलं असतं, अहो, हा तोच पिक्चर का? आम्ही अख्खा सिनेमा बघितला, घरी आलो, रात्र जाऊ दिली, आणि मग विचारलं. घागांच्या शिकवणीत तयार झालेली माणसं आम्ही.

आता वहिनींना काय सांगायचं? दुपारी मी गेलो. मेधाने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, होडीसकट. वहिनींच्या ओठाला जरा हसू आलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. म्हणाल्या, "तो नव्हे हो अण्णा. माझ्या सिनेमात कसली होडी? दोन बहिणी एकाच गल्लीत राहतात आणि बोलत नाहीत." आणि सांगायला लागल्या. धाकटी कशी, मोठी कशी, गल्ली कशी. माझा चहा गार झाला. शेवटाला आल्या आणि म्हणाल्या, "शेवट मात्र खोटा होता. दोघी रडत रडत गळ्यात पडतात. अशा बायका गळ्यात नाही हो पडत. एक दुसरीकडे डबा पाठवते. आणि दुसरी तो डबा रिकामा परत करत नाही. तेवढ्यात सगळं येतं."

मंडळी, मी कप खाली ठेवला. हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. इतकी वर्षं दर सोमवारी मी ते ऐकत आलो होतो. आवाज तेवढा वेगळा होता.

मी विचारलं, "वहिनी, सोमवारी सकाळी घाग खाली यायच्या आधी तुमच्याकडे काय व्हायचं?"

म्हणाल्या, "काय व्हायचं? चहा व्हायचा. ते विचारायचे, तुला काय आठवतंय? मी बोलायचे. पोळ्या लाटता लाटता. मग ते जायचे खाली."

जेवण न मिळालेला हिरो कुणाचा, कढईवरचं झाकण कुणाचं, ते मी विचारलं नाही. आमटीतलं मीठ कुणी घातलं ते आमटीला विचारून कळत नाही. एका घरात इतकी वर्षं काढल्यावर ते कुणी विचारूही नये. निमकरबाई, तुम्ही विचारलं होतं ना, हे सुचतं कुठून? एवढंच तुमच्या कानावर घालतो.

मग मी विचारायचं ते विचारलं. "त्या सोमवारीही विचारलं का त्यांनी?"

वहिनींनी माझा गार झालेला कप जवळ ओढला. म्हणाल्या, "विचारलं. मी म्हटलं, आज तुम्ही आधी सांगा, सिनेमा माझा होता. ते हसले. म्हणाले, बाकावर जाऊन येतो, मग सांगतो. आणि चपला घालायला वाकले."

हसले. आता या हसण्याचा अर्थ काय? बाकावर आम्ही दोन दिवस त्यावर घालवले. जगदीशभाई म्हणतात, हसले म्हणजे आवडला, खतम. निमकरबाई म्हणतात, आवडला नसला की पुरुष असेच हसून वेळ मारून नेतात. मामा म्हणतात, आजवर बायकोचं बोलनं उसनं घेऊन बाकावर यायचा, त्या दिशी रिकामा निघाला, म्हनून हसला. मला विचाराल, तर मला माहीत नाही.

वहिनी, तुम्ही समोर बसला आहात. तुमच्यासमोर मी खोटं बोलणार नाही. त्यांना सिनेमा आवडला की नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. ते राहिलं. माणूस गेला की काहीतरी राहतंच. तुमचं हे राहिलं. पण दुपार वाया गेली असं म्हणू नका. वाया गेलेल्या सिनेमाला घाग काय करायचे, ते आम्हांला ठाऊक आहे. मध्यंतरात उठून सरळ घरी यायचे. किती वेळा ते दोघं उजेड असताना गेटवर दिसले, आम्ही हसायचो. त्या रविवारी दिवे लागल्यावर आले. गुडघा दुखत असून बसले. तुमच्यासाठी बसले असतील किंवा त्या बहिणींसाठी. यापुढे माझी बुद्धी जात नाही.

आता सुरुवातीला जे म्हटलं ते. मी घागांबद्दल मत का देत नाही? अहो, आत्ता तर दिवे लागलेत. आपण सगळे अजून दारात उभे आहोत. आत्ता जे बोलू ती वाफ. देवमाणूस काय, अजातशत्रू काय. घाग स्वतः ऐकत असते तर म्हणाले असते, जरा गार होऊ द्या.

म्हणून आता उभे राहू या. थोडा वेळ गप्प राहू या, पण घाग हॉलमध्ये राहायचे तसे. फोन बंद, शेजाऱ्याच्या कानाला लागायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. नंतर जिन्यात बोलू नका, गेटवर बोलू नका. घरी जा. एक रात्र जाऊ द्या.

उद्या सोमवार आहे. बाकावर उजवीकडचा कोपरा आम्ही धरून ठेवलाय. सुमनवहिनी, चहा झाला की खाली या. आम्ही तुम्हांला एकच विचारणार आहोत, त्यांच्याच शब्दांत. तुम्हांला काय आठवतंय? आधी तुम्ही सांगा. मग आम्ही.

उभे राहू या.