ठाऊक नसलेलं मूळ

दातांच्या दवाखान्यात म्हातारे कोशकार गाल धरून बसले होते. शेजारी मावशी-भाचीच्या गप्पा चालल्या होत्या.

"तुझ्या त्या मेलेल्या भाषेचा प्रबंध संपला का गं?"

"अक्कादीचा? संपला! एका शब्दाने दोन वर्षं छळलं, मावशी. प्रत्येक कोशात त्याचं मूळ ठामपणे दिलेलं, आणि प्रत्येकात वेगळं."

"मग?"

"एका जुन्या कोशात लिहिलं होतं, 'मूळ मला ठाऊक नाही.'"

कोशकारांनी मान खाली घातली.

"अगंबाई, एवढं तर मीही लिहिलं असतं!"

"पण लिहिलं त्यांनीच. मीही परीक्षकांना तेच सांगितलं आणि सुटले. प्रबंध त्यांनाच अर्पण केलाय."

"भेटलीस त्यांना?"

"आता कुठले हयात असणार!"

"आहे मी," कोशकार पुटपुटले. "दाढ तेवढी दुखतेय. त्या ओळीची चाळीस वर्षं लाज वाटत होती, बाळ. आज गेली."