वर्षभर न नेसलेली साडी

तेलीबांध्याच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या स्वरदाचे कान मागच्या बाकाकडे लागले.

“कपाट कसं आवरलं वो, राधिका?”

“सोपं आहे, कौमुदी. वर्षभर नेसली नाही, ती साडी काढून टाकायची.”

“फेकली?”

“फेकते काहून? बर्तनवालीले दिल्या. सहा साड्यांवर तीन भगोणी आली.”

“म्हणजे कपाट रिकामं झालं?”

“हव. भगोणी त्यातच ठेवली.”

“त्यात जांभळी होती का वो, हिरव्या काठाची?”

“होती ना! तिच्यावरच मोठं भगोणं मिळालं. तुले कसं माहीत?”

“तुझ्या वरदच्या मुंजीत नेसायले तूच तं नेली होती माझ्याकडून.”

स्वरदाचा नंबर पुकारला, पण तिचा पाय निघेना.

“आजच आणून देते भगोणं, कौमुदी. झाकणासकट.”