उजव्या खांद्यावरचा पदर

जागृती : ह्या फोटोतल्या सातच्या सात बाया डावखुऱ्या कशा असतील, निशांत? तूच सांग ना!

निशांत : असतील. आधी आवाज कमी कर. ग्रंथालय आहे हे, सेलूचा बाजार नाही.

जागृती : हे पाह्य. चरख्याचा दांडा सगळ्या जणी डाव्या हातानं फिरवून राह्यल्या. सूत उजव्या हातात. असं कोणी कातते का? आमच्या शाळेत सूतकताईच्या तासाले दांड्याले डावा हात लावला, का बाई असं दटावे!

निशांत : थांब, मोठं कर जरा. अरे देवा.

जागृती : तू निगेटिव्ह उलटी ठेवली स्कॅनरवर.

निशांत : चकचकीत बाजू वर ठेवायची की खाली, हे पहिल्या आठवड्यात कुणाला माहीत होतं? आणि तू काय केलंस, शहाणे? मेटाडेटा तुझ्याकडे होता. वर्णनाच्या रकान्यात काय लिहिलंयस ते वाच. ‘स्त्रियांचा गुजराती पद्धतीचा, उजव्या खांद्यावरचा पदर लक्षणीय.’ लक्षणीय!

जागृती : वर्ध्याच्या जुन्या फोटोत गुजराती बाया नसतात का? मले वाटलं, आश्रमातल्या बायाइचं पाहून आपल्या बायाइनंही तसाच घेतला असंल. अतिशहाणपणा केला मी. शोधशब्दातही टाकलं.

निशांत : बरं, मग रडतेस कशाला? फोटो उलटव, ओळ खोड, सेव्ह कर. चहा थंड व्हायच्या आत होतं.

जागृती : आन नावं? निगेटिव्हच्या पाकिटावर नावं ‘डावीकडून’ लिहून होती. मी जशीच्या तशी भरली. फोटो उलटा झाला, म्हणजे नावं भलत्याच बायाइवर जाऊन बसली. तिसरी म्हणून जिले सगुणा केलं, ते सगुणा नाईच.

निशांत : सगुणा, केळझर. बाहेर बाकावर बसल्यात त्या आजींची आई?

जागृती : तेच तं! कमलाआजी एवढीशी असताना माय गेली. चेहरा आठवत नाई, घरी फोटो नाई. मागच्या वर्षी नातवाले, प्रफुल्लले, आपल्या साइटवर नाव दिसलं, त्यानं त्यातला तिचा तेवढा फोटो कापून, फ्रेम करून भिंतीवर लावला. आता विहारात पाणपोई बांधून राह्यले मायच्या नावानं. सकाळी मीच प्रफुल्लले मोठी फाइल देली. तो टाइलवाल्याकडे गेला. टाइलवर फोटो पक्का करून आणते म्हणे.

निशांत : मग एक सांगू? गप्प बस. आपली नोंद गुपचूप दुरुस्त कर. इतक्या वर्षांनी म्हातारीला आई मिळालीय, तीही हसरी. कुणाचं काय बिघडलं?

जागृती : मलेही तसंच वाटून राह्यलं रे. पण खरी सगुणा कोणती, ते पाह्यलं का तू? उजवीकडून तिसरी. तिचा चेहराच नाई. बाकीच्या कशा गुमान बसल्या, आन हे ऐन वेळी हालली. तोंडाच्या जागी नुसता धूर.

निशांत : म्हणजे हसरा चेहरा काढून घ्यायचा आणि हातात धूर द्यायचा. छान. जा, सांग.

जागृती : टाइल एकदा भाजली, का पुसता येते का? भलत्या बाईच्या तोंडाखाली सगुणाचं नाव, तेही विहारात. प्रफुल्ल फोन उचलून नाई राह्यला. तू लाव. लावत राह्य.

(कमलाआजी काठी टेकत आत येतात. पदर उजव्या खांद्यावर.)

कमला : काऊन वं पोरी, आला का आमच्या प्रफुल्ल्याचा फोन? बसून बसून कंबर धरली माही.

जागृती : नाई आला, आजी. या, बसा. आजी… पदर असा काऊन घेतला तुमी?

कमला : माय घे ना तसा! फोटोत पाह्यलं तवापासून मीबी असाच घेतो. सून हासते, म्हनते म्हातारीले फॅशन सुचली. घसरते मेला, चुलीपाशी मधेमधे येते. पन मायची एवढी एकच सवय सापडली मले. ते कशी सोडू?

जागृती : आजी, माह्याकडून चूक झाली.

निशांत : तिची नाही, माझी. फोटो मी उलटा ठेवला.

कमला : उलटा म्हंजे? पाय वर न डोक्सं खाली?

निशांत : नाही आजी. आरशात दिसतं तसा. उजवं ते डावं झालं.

कमला : मंग माय पदर डाव्याच खांद्यावर घे का? बरं झालं बाप्पा. मले तं जमूनच नोतं राह्यलं.

जागृती : नुसता पदर नाई, आजी. नावंही उलटी झाली. तुमच्या घरी भिंतीवर हाय, ते सगुणाबाई नोय. ते भागरथी हाय. तुमची माय ह्या बाजूनं तिसरी.

कमला : वर्षभर हात जोडले मी तिले. सकाळी उठली, का पहिले तिच्यापुढं. नातसून घरात आली, तिले पाया पडाले लावलं. दुखलंखुपलं, सारं तिच्याजवळ बोलली. भलत्याच बाईजवळ! आन तू आता सांगतं?

जागृती : आजच समजलं, आजी.

कमला : नसतं सांगतलं तं?

जागृती : कोणाले पत्ता लागला नसता.

कमला : मंग काऊन सांगतलं मले? काऊन?

जागृती : तुमची माय तिथंच बसून होती, आजी. आन तिच्याकडे कोणी पाहूनच नोतं राह्यलं.

कमला : दाखव.

जागृती : चेहरा नाई दिसत तिचा. फोटो काढताना हालली.

कमला : दाखव म्हनलं ना!

जागृती : हे पाहा. हे.

कमला : बाकीच्या साऱ्या नीट बसल्या. हे एकटीच हालली?

जागृती : हो.

कमला : हात चरख्यावर, न मान तिकडे दाराकडे. व्हय ना?

जागृती : तसंच दिसते.

कमला : मंग हेच. हेच वं माय! मामी सांगे मले, तुह्या मायले एका जागी बसनं माईतच नोतं. चुलीवर आधन ठेवे न तेवढ्यात वावरात चक्कर मारून ये. फोटोवाला म्हनला असंल, हालू नका; तं पहिले हेच हालली असंल. मीबी तशीच. बीपी पाह्यताना डाक्टर वरडते, आजी, हात हालवू नका! मोठं कर वं.

जागृती : मोठं केलं का अजूनच पुसट होते.

कमला : होऊ दे. कर.

निशांत : जागृती, प्रफुल्लनं उचलला. टाइल अजून भाजायला गेली नाही. काय सांगू?

कमला : म्हना, थांब. दुसरा फोटो देऊन राह्यले म्हना. हाललेला.

निशांत : आजी, टाइलवर काहीच दिसणार नाही हो. लोक विचारतील.

कमला : खाली नाव राह्यते ना? मंग इचारू दे. मी सांगीन.

जागृती : फाइल पाठवते त्याले. आजी, भिंतीवरचा तेवढा आणून द्या. मी बदलून देते.

कमला : कोन म्हनलं तिचं नाव?

जागृती : भागरथी. गाव लिहून नाई, आडनाव नाई. नुसतं भागरथी.

कमला : तिच्या घरचं कोनी आलं होतं का?

जागृती : आजवर तरी नाई.

कमला : येवढं सारं आयकून घेतलं बिचारीनं माह्यं. तिले कुठं काढू आता? राहू दे. मायच्या बाजूले जागा हाय. तू एक कर पोरी, तुह्या त्या कंप्युटरात लिवून ठेव.

जागृती : काय लिहू?

कमला : तिचं कोनी इचारत आलं, तं सांगजो, केळझरले आमच्या घरी हाय.