बावीची ओटी

विधीचा अर्थ कोण ठरवतो, असे तुम्ही विचारलेत, म्हणून शीळफाट्याजवळच्या एका आगरी घरातले सांगतो. माझी भाची मेघना भूजलतज्ज्ञ. कारखान्याचे सांडपाणी जमिनीखालून कुठवर सरकेल, याचे गणित ती संगणकावर मांडते. त्या घरातल्या आजी सखूबाई; त्यांच्या परसातली विहीर, म्हणजे त्यांच्या बोलीतली बाव, आता वापरता येणार नाही, हे सांगायला तिने मला सोबत नेले. घरात त्यांची नातसून बाळंत झालेली. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बावीची ओटी भरून पहिली कळशी घरात आणणार होती.

मेघनाने पडद्यावर पसरत जाणारा तांबडा डाग दाखवला. "आजी, हा निळा ठिपका म्हणजे तुमची बाव. डाग तिच्यापर्यंत पोचलाय. हे पाणी आता तोंडातही घ्यायचं नाही."

"मंग ओटीचं काय गो?"

मेघनाने माझ्याकडे पाहिले. जलपूजनावर तासभर बोलू शकणारा मी पडद्यावरचा डागच पाहत राहिलो.

सखूबाईंनी त्या ठिपक्यावर हळूच बोट ठेवले. "मेली, का आजारी हाय?"

मेघना म्हणाली, "आजारी. वरचं सांडपाणी थांबलं तर बरी होईल, पण वेळ लागेल."

"मंग तशी बोल ना, शिकलेली ना तू! उद्या ओटी भरू, आन कलशी नलावर भरू. आजारी बाईला भेटाला जातात गो, तिला कामाला लावत नायत."